भाकर कोणी मोडायची

पाळक एलिया वाघचौरे यांचं रक्त आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा आलं ते तेरा जानेवारी सत्त्याण्णवला. कुपीवरच्या चिठ्ठीवर राखी सिस्टरच्या अक्षरात नाव होतं. वय एकाहत्तर, पुरुष वॉर्ड, खाट सहा. क्रिएटिनिन अकरा पूर्णांक आठ आलं. निरोगी माणसाचं ते एकच्या आसपास असतं. मी तोच नमुना पुन्हा चालवला. पुन्हा अकरा पूर्णांक आठ.

मला बरं वाटलं. नमुना दुसऱ्यांदा चालवला तो दयेपोटी नव्हे. या माणसाच्या बाबतीत माझी एकही चूक निघू नये, एवढ्यासाठी.

सुरतेतल्या त्या मिशन हॉस्पिटलची लॅब मी अकरा वर्षं सांभाळत होते. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातलं. दुपारी चारला लॅब बंद झाली की कोट खुंटीला लावून मी वॉर्डात जायचे, तिथे मी चॅपलेन असायचे. पाळकपणाची दीक्षा न झालेली चॅपलेन. आजाऱ्याजवळ बसायचं, कोणी म्हटलं तर प्रार्थना करायची, नाही म्हटलं तर त्याच्या गावच्या गोष्टी ऐकायच्या. येणारे बहुतेक खानदेशातले, लूमवर नाहीतर पलसाण्याच्या डाइंगमध्ये राबणारे. त्यांत ख्रिस्ती शंभरात दोन. बाकीच्यांना माझ्या धर्माशी देणंघेणं नव्हतं. आपल्या बोलीतलं ऐकून घेणारं कोणी खाटेशी बसतंय, एवढंच त्यांना पुरायचं. मला सगळे तबिथाबेन म्हणत.

त्याच महिन्यात बिशपसाहेबांचं पत्र आलं होतं. हॉस्पिटलात आता पूर्णवेळ चॅपलेन नेमायचा होता. मी दीक्षा घेतली तर ती जागा माझी. लॅब सोडावी लागेल. दीक्षा नको असेल तर आहे तसंच काम करत राहायचं, जो कोणी दीक्षित येईल त्याच्या हाताखाली. एकतीस जानेवारीपर्यंत उत्तर हवं होतं.

दीक्षा मला हवी होती. भाऊ गेला त्या दिवसापासून हवी होती.

दाविद माझ्याहून आठ वर्षांनी लहान. पांडेसऱ्याला एका डाइंगमध्ये रंग मिसळायचा. सप्टेंबर चौऱ्याण्णवमध्ये शहरात प्लेगची बातमी फुटली आणि दोन दिवसांत सुरत रिकामी झाली. दवाखान्यांची शटरं खाली. दाविदला तिसऱ्या दिवशी ताप आणि खोकल्यातून रक्त. थुंकीची स्लाइड मीच रंगवली. प्लेग होता की साधा न्यूमोनिया, हे त्या स्लाइडवरून मला ठरवता आलं नाही, आणि मी तसंच लिहिलं. पाचव्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "ताई, प्रभुभोजन पाहिजे. पाळकसाहेबांना बोलव."

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत मोडलेली भाकर आणि द्राक्षरस; ते पाळकाच्या हातूनच घ्यायचं असतं. आमच्या मराठी मंडळीचे पाळक तेव्हा वाघचौरे. मी त्यांच्या घरी गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मुलीच्या बाळंतपणाला नवापूरला गेले. गुजराती मंडळीचे पाळकही शहरात नव्हते. मी परत आले, हॉस्पिटलच्या किचनमधून पावाची एक स्लाइस आणली, मोसंबीचा रस घेतला, आणि लहानपणापासून पाठ असलेले शब्द म्हणून ती भाकर माझ्या हातांनी मोडली. दाविदने ती खाल्ली. चार वाजून दहा मिनिटांनी तो गेला.

वाघचौरे तीन आठवड्यांनी परतले. ही गोष्ट मीच त्यांना सांगितली. लपवायचं काही आहे, असं मला वाटलंच नव्हतं. त्यांनी कमिटी बोलावली.

"अधिकार नसलेल्या हाताने मोडलेली भाकर ही नुसती भाकर," ते म्हणाले. "तुझा भाऊ प्रभुभोजनाशिवाय गेला, तबिथा. हे मान्य कर."

पुरण्याच्या रजिस्टरात त्यांनी तसं लिहिलं आणि त्याखाली माझी सही घेतली. मी चाळीस वर्षांची बाई, सही करायला नको होती. पण दाविदची कबर आपल्या कबरस्तानात राहील की नाही, याची चर्चा चालू होती. मी सही केली. मग रविवारी मंडळीसमोर उभं राहून चूक कबूल करायची आणि वर्षभर शेवटच्या बाकावर बसायचं, चॅपलेनचं काम सोडायचं, असं ठरलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट फिरायचं. माझ्यापाशी आलं की वाघचौरे ते माझ्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाला द्यायचे. असं बारा वेळा झालं.

पंच्याण्णवला ते निवृत्त झाले आणि सुरतेतच, उधन्याला राहिले. बायको आधीच गेलेली. नवे पाळक मॅकवान मूळचे आणंदचे. ते गुजराती आणि मराठी दोन्ही मंडळ्या बघू लागले. त्यांनी मला पुन्हा ताटाशी घेतलं, चॅपलेनचं कामही परत दिलं.

दीक्षा घेतल्यावर काय करायचं, ते माझं ठरलेलं होतं. एक ना एक रविवारी म्हातारा हात पुढे करून माझ्यासमोर येणार, आणि मी ताट घेऊन त्याच्या पुढून निघून जाणार. हे मी किती वेळा डोळ्यांपुढे आणलं होतं, त्याचा हिशेब नाही. त्याच्या तळहातावरच्या रेषासुद्धा मला दिसायच्या.

मॅकवानसाहेबांना मी अर्थात हे सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "दीक्षित माणूस कोणाला प्रभुभोजन नाकारू शकतो का?"

ते चहा पीत होते. त्यांचं मराठी सुरतेत आल्यावर शिकलेलं. "ना रे ना, बेन. बिशपचा लेखी हुकूम पाहिजे. ज्याने मागितलं त्याला द्यावंच लागतं. माझा दुश्मन आला तरी द्यायचं. कधी कधी एवढा राग येतो ने! पण काय करणार, नोकरी जाय."

"आणि अदीक्षित?"

"त्याला तर स्वतः देताच येत नाही. मी पवित्र केलेली भाकर नेऊन द्यायची परवानगी देऊ शकतो. परवानगी. त्याने नाही नेली तर त्याला कोण विचारणार?" मग कप खाली ठेवून म्हणाले, "तमे हा पाडी दो ने, तबिथाबेन, हो म्हणून टाका. दीक्षेच्या आदल्या दिवशी बिशपसाहेब एकच गोष्ट विचारतात, मनात कोणाविषयी वैर आहे का. तुमच्या मनात कोणाविषयी असणार?"

मी म्हटलं, विचार करते.

त्यानंतर दोन आठवडे मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. दीक्षा घेतली तर भाकर मोडायचा अधिकार मिळेल, पण त्याला नाकारायचा जाईल. आणि बिशपांसमोर खोटं बोलावं लागेल. मी आयुष्यात खोटा रिपोर्ट दिलेला नाही.

दरम्यान खाट सहाचं रक्त रोज सकाळी येत होतं. डायलिसिससाठी मोठ्या दवाखान्यात जायला त्यांनी नकार दिला होता. मी रोज चारनंतर वॉर्डात जात होते आणि खाट सहा सोडून बाकी सगळ्यांजवळ बसत होते. खाट सातवर हिलाल होता, लूम कामगार, मूळचा पारोळ्याकडचा. संक्रांतीला, सुरतेतल्या उतराणला, पतंगामागे धावताना गच्चीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. पाय वजनाला टांगलेला. हिंदू माणूस, पण माझी वाट पाहायचा.

"बेन, मना पाय कापतीन का?"

"नाही कापणार. सहा आठवडे टांगतील."

"पतंग ते मीच कापेल व्हती, बरं. चौथी व्हती. पडनू तव्हय बी दोरा हातमाच व्हता."

तो हसायचा, मी हसायचे, आणि शेजारच्या खाटेवरून वाघचौरे माझ्याकडे बघत असायचे. एकदा ते म्हणाले, "सलाम, तबिथा." मी म्हटलं, "सलाम, पाळकसाहेब," आणि आठव्या खाटेकडे गेले. आयाबाई प्रमिलाबाई मागे म्हणाल्या, "ताई, एकच खाट ओलांडीसन जातीस तुम्ही. रोज."

सव्वीस तारखेच्या रविवारी मॅकवानसाहेब त्यांना प्रभुभोजन द्यायला गेले, पण म्हाताऱ्याला उलट्या होत होत्या. पवित्र भाकर पोटात राहणार नाही म्हणून त्यांनीच आज नको म्हटलं. सोमवारी मॅकवानसाहेब डायोसिसच्या बैठकीला अहमदाबादला निघाले, गुरुवारी परतणार. जाताना त्यांनी चॅपलच्या कपाटात स्टीलच्या छोट्या डबीत पवित्र केलेली भाकर ठेवली, किल्ली माझ्याकडे दिली आणि सोबत सहीचं पत्र: तबिथाबेनना ही भाकर आजाऱ्यांना देण्याची परवानगी आहे.

मंगळवारी सकाळी खाट सहाचं पोटॅशियम सात पूर्णांक एक आलं; साडेपाचच्या पुढे ते हृदयाला धोक्याचं. रक्त काढताना पेशी फुटल्या तर हा आकडा खोटा वर जातो, म्हणून मी स्वतः वॉर्डात जाऊन दुसरा नमुना काढला. म्हाताऱ्याने हात पुढे केला. रेषा मी कल्पना केल्या होत्या तशा नव्हत्या. हात सुजून गुळगुळीत झाला होता. फ्लेम फोटोमीटरवर पुन्हा सात पूर्णांक एक. मी आकड्याखाली लाल रेघ मारून डॉक्टरांच्या हातात रिपोर्ट दिला. त्यांनी इंजेक्शनं लिहिली आणि मान हलवली. गुरुवार उजाडेपर्यंत हे हृदय चालणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं.

त्या दुपारी प्रमिलाबाई लॅबच्या दारात आल्या. "ताई, तो साधुबुवा भाकर मांगी ऱ्हायना. मी म्हनलं, बाबा, डॉक्टरनी मीठबी बंद करेल शे, भाकर कोठून दिऊ? ते म्हने तबिथाले बलाव."

मी गेले. पहिल्यांदाच खाट सहाशेजारच्या स्टुलावर बसले.

"मॅकवान सांगून गेला," वाघचौरे म्हणाले. श्वास मोठा, आवाज बारीक. "डबी तुझ्याकडे आहे."

"आहे."

"मग आण, पोरी. उलटी थांबलीय."

"पत्रात परवानगी लिहिलीय, पाळकसाहेब. सक्ती नाही."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना लगेच कळलं, कायद्याचा माणूस. "दीक्षा घेणार आहेस म्हणे. तेव्हा द्यावीच लागेल."

"हो. पण अजून घेतलेली नाही."

शेजारी हिलालने मान वळवली होती. मी आवाज खाली आणला नाही.

"काय हवंय तुला?" त्यांनी विचारलं.

मी कागद बरोबरच आणला होता. पुरण्याच्या रजिस्टरातली नोंद दुरुस्त करावी: दाविदने बहिणीच्या हातून प्रभुभोजन घेतलं आणि ते ग्राह्य आहे. खाली त्यांच्या सहीसाठी जागा. रजिस्टर मॅकवानसाहेबांच्या ताब्यात होतं. एलिया वाघचौरेंनी स्वतः लिहून दिलं असतं तर त्यांनी नोंद बदलली असती.

त्यांनी कागद वाचायला बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "बाळंतपण नव्हतं."

"काय?"

"नवापूरला. मुलीला दिवसच नव्हते तेव्हा. मी भ्यालो. स्टेशनवर लोक खिडक्यांतून आत घुसत होते, मीही घुसलो. आजाऱ्यांची यादी खिशात होती. दाविदचं नाव नव्हतं तिच्यात, पण दुसरी होती." ते थांबले. "हे लिहून देतो. मंडळीत वाच. माझ्या कबरीवर लाव हवं तर."

मला हे माहीत नव्हतं. अंदाज होता, पुरावा नव्हता. तो आता माझ्यासमोर पडला होता आणि मला पुरला नाही.

"आणि हा कागद?"

"हे नाही लिहिणार. मी पळालो म्हणून तुला अधिकार येत नाही. ती भाकर प्रभुभोजन नव्हती, तबिथा. तेव्हाही नव्हती, आताही नाही. तू मला खोटा रिपोर्ट मागतेस."

"खोटा तुम्ही लिहिलात. मी फक्त सही केली."

"मी सही केली तर मला पाप लागेल आणि तुला भाऊ मिळणार नाही."

"मला भाऊ नकोय," मी म्हटलं. "मला तुमची सही हवीय."

मी पेनचं टोपण काढून पेन त्यांच्या छातीवरच्या चादरीवर ठेवलं. दहा मिनिटं बसले. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, दहा मिनिटंच. त्यांनी पेनला हात लावला नाही. मग मी पेन उचललं, टोपण लावलं आणि उठले.

"तबिथा," ते म्हणाले. "मी उद्याही मागेन."

"मागा."

बुधवारी सकाळी नऊला राखी सिस्टर आली आणि म्हणाली की म्हातारा मागतोय. अकराला पुन्हा आली. मी खिडकीशी बसून मलेरियाच्या स्लाइड बघत होते. एकूण बावीस होत्या, दोन पॉझिटिव्ह. चॅपलच्या कपाटाची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती आणि खुर्चीत वळले की मांडीला टोचत होती. बाराला प्रमिलाबाई आल्या, दारात उभ्या राहून गेल्या. एक वाजून चाळीस मिनिटांनी वाघचौरे वारले. त्याआधी मी एकदाही वॉर्डात गेले नाही. हे मी रागाच्या भरात केलं नाही. माझे हात स्थिर होते. त्या बावीस स्लाइडमध्ये माझी एकही चूक नाही.

गुरुवारी मॅकवानसाहेब स्टेशनवरून थेट चॅपलमध्ये आले. मी किल्ली दिली. त्यांनी डबी उघडली, आतल्या भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वेळ नाही मिळाला?"

"दोन दिवस होते. त्यांनी पाच वेळा मागितलं."

ते बाकावर बसले. मी त्यांना सगळं क्रमाने सांगितलं, कागदासकट. शेवटी ते म्हणाले, "परवानगी मी दिली होती. माझीही चूक आहे यात."

"नाही. तुम्ही नियमाप्रमाणेच वागलात."

उरलेली पवित्र भाकर टाकता येत नाही, ती खाऊन संपवावी लागते. त्यांनी तिचा एक तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि दुसरा तुकडा माझ्यापुढे धरला. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसत होता. तरीही त्यांना तो तुकडा धरावा लागत होता.

"मी मागितलेली नाही," मी म्हटलं.

त्यांनी तोही स्वतःच खाल्ला. मग डबी बंद करून म्हणाले, "बेन, आता उत्तर काय देणार? तो तर गेला. बिशपसाहेबांनी विचारलं, कोणाविषयी वैर आहे का, तर आता कोण राहिलं?"

"तेच," मी म्हटलं. "ते मेल्याने वैर काही कमी झालेलं नाही. तुम्हाला वाटेल दोन दिवसांनी होईल. मी तपासून पाहिलंय."

बिशपसाहेबांना उत्तर मी त्यांच्यासमोरच लिहिलं. मला अदीक्षित सेवाच हवी आहे. कारण विचारलं नव्हतं, तरी लिहिलं: दीक्षित माणसाला कोणालाही नाकारता येत नाही, आणि मी एका मरणाऱ्या माणसाला नाकारलं आहे, तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा नाकारेन. मॅकवानसाहेबांनी ते वाचलं. "शेवटची ओळ काढा," ते म्हणाले. मी काढली नाही. ते म्हणाले, हे पत्र गेलं तर दीक्षा आयुष्यभरासाठी गेली. मी पाकीट चिकटवलं.

वाईट वाटलं नाही असं नाही. मला भाकर मोडायची होती, कोणाच्या तरी हातावर ठेवायची होती आणि ती नुसती भाकर आहे असं पुन्हा कोणालाही म्हणता येऊ नये, असं हवं होतं. ते आता होणार नव्हतं. पण म्हाताऱ्याने मागावं आणि मी उठून जावं, हेही हवं होतं, आणि ते झालं होतं. दोन्ही मिळण्यासारखं नव्हतं. जे मिळालं ते मी घेतलं.

पाकीट टाकून चारनंतर मी नेहमीप्रमाणे वॉर्डात गेले. खाट सहावर धुतलेली चादर होती. मी खाट सातशी गेले, स्टूल ओढलं. हिलाल छताकडे बघत होता.

"पाय कसा आहे?"

तो तसाच वर बघत म्हणाला, "बेन, मी दोन दिन ऐकी ऱ्हायंतू. बुढा मांगी मांगी मरना. एक कुटका व्हता ना तुमनापान?"

"होता."

"मंग काबरं नही दिन्हा?"

मी त्याला दाविदबद्दल सांगितलं. रजिस्टर, सही, बारा महिने, सगळं. त्याने ते नीट ऐकून घेतलं. मध्येच मान हलवून म्हणाला, "हारामी व्हता मंग बुढा." मला वाटलं, त्याला पटलं.

मग तो म्हणाला, "पन बेन, तुम्ही आते मनापान नका बसू."

"का?"

"माले भ्याव वाटस." त्याच्या आवाजात राग नव्हता. "उद्या मनी बी काही चूक निंघनी, मंग? मी ते असा टांगेल. उठीसन जाताबी येत नही."

मी म्हणू शकले असते की तुझं आणि माझं काही वैर नाही. ते खरं होतं. पण त्याला जे हवं होतं ते याच्या पलीकडचं होतं: काहीही चूक निघाली तरी नाकारणार नाही, एवढी हमी, आणि तशी हमी फक्त दीक्षित माणूस देऊ शकतो.

मी स्टूल होतं तिथे ठेवलं. आठव्या खाटेवरचा माणूस झोपला होता, नवव्याने मला येताना पाहून चादर तोंडावर ओढून घेतली. दहाव्या खाटेवर चलथाणहून आलेला नवा माणूस होता. त्याला अजून काही माहीत नव्हतं. मी त्याच्याजवळ बसले आणि त्याला गाव विचारलं.